जिना कोणाचा आणि चावी कोणाकडे

कुठल्याही बिल्डिंगचा प्लॅन समोर आला की लोक हॉल केवढा, किचनला ड्राय बाल्कनी आहे का, मास्टर बेडरूम वास्तूत बसते का ते बघतात. मी आधी दारं बघतो. कोण कुठून आत येणार, कोण कुठपर्यंत येऊन थांबणार, पाणी कोण कुठून घेणार. बरीच वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतोय, त्यातली बरीचशी रिडेव्हलपमेंटमध्ये गेली, आणि माझं पक्कं मत झालंय की आपल्याकडची जात समजून घ्यायला जाड पुस्तकं चाळण्याआधी चार घरांचे नि दोन गावांचे नकाशे बघावेत. तिथं सगळं स्केलमध्ये काढून ठेवलेलं असतं.

जुना वाडा घ्या. त्याचं कौतुक आम्ही सगळेच करतो, हवा कशी खेळते, चौकामुळे उजेड कसा येतो, सागवान काय, नक्षी काय. अगदी खरं आहे. पण दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, देवघर ही जी रांग आहे ना, ती नुसती खोल्यांची रांग नाहीये. देवडीत कोणी थांबायचं, चौकापर्यंत कोणी यायचं, सोप्यावर टेकायचा मान कोणाला, माजघराचा उंबरा कोणी ओलांडायचा आणि घरातल्या बायांनी कुठल्या दाराने ये-जा करायची, हे सगळं भिंतींनी ठरवून ठेवलंय. कोणाला तोंडाने ‘तू इथंच थांब’ म्हणायची गरजच पडत नाही. येणाऱ्याला आपोआप कळतं.

आमचं गाव कराडकडचं. घर पांढरीत, वेशीच्या आत. महारवाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वरचं गाव वापरून झाल्यावर जे पाणी खाली जायचं ते त्यांच्या वाट्याला. आमच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप नि बशी खोचून ठेवलेली असायची, कामाला येणारी म्हातारी ती स्वतः काढायची, स्वतः धुवायची, वरून ओतलेला चहा प्यायची आणि परत तिथंच खोचायची. मी लहानपणी तो कप घ्यायला गेलो तर आजी ओरडली, ‘आरं त्यो न्हाई घ्यायचा.’ का नाही ते तिने सांगितलं नाही, आणि मला वाटतं तिला कधी कोणी सांगितलंही नसेल. वळचण सांगत होती.

2020 च्या डिसेंबरमध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं काढून समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला. चांगलं झालं, रेशनकार्डावर नि शाळेच्या दाखल्यावर पोराने जात मिरवत का फिरावं. पण वस्ती आहे तिथंच आहे, ओढ्याच्या खाली. पाटी बदलली तरी उतार तोच राहतो राव.

आता मुद्द्यावर येतो. बिल्डिंगने समाज बदलतो का? आमच्या धंद्यातले लोक सेमिनारमध्ये छातीठोक सांगतात की हो, बदलतो, आणि मग स्वतःच्या प्रोजेक्टच्या ड्रोनने काढलेल्या स्लाइड लावतात. मला ते पटत नाही. पण ‘बिल्डिंगने काय होतंय, मनं बदलायला पाहिजेत’ हे त्याहून पटत नाही, कारण आपल्याकडे ज्यांनी खरोखर काही बदललं त्यांनी मनं बदलायची वाट बघितली नाही, त्यांनी सरळ जागेला हात घातला. जोतिराव फुल्यांनी 1868 मध्ये स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. स्वतःच्या घरचा, हे महत्त्वाचं. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्याआधी कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला होता, महाड नगरपालिकेने तळं खुलं असल्याचा ठराव केला होता, कागदावर सगळं सगळ्यांचं होतं. पायरी मात्र कोणी उतरू शकत नव्हतं. नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं आणि सवर्ण मंडळी कोर्टात गेली तीही तळं आमच्या खाजगी मालकीचं आहे असं म्हणत. निकाल लागला 1937 ला, बाबासाहेबांच्या बाजूने. डिसेंबर 1927 ला महाडात दुसरी परिषद घ्यायची होती तर मांडवाला कोणी जागा देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. 1930 ला नाशिकला काळारामाचं दार. हौद, तळं, मांडवाची जागा, देवळाचं दार. आपल्या समाजसुधारणेचा इतिहास बराचसा बांधकामाचा इतिहास आहे, फक्त तो आर्किटेक्चरच्या सिलॅबसमध्ये नाही. आम्हाला पाच वर्षं कोर्बुझिए हा परदेशी आर्किटेक्ट शिकवला, दसरा चौक कोणी शिकवला नाही.

दसरा चौक म्हणजे कोल्हापूरचा. त्याच्यावर जरा थांबतो कारण माझ्या डोक्यात जे चाललंय ते सगळं तिथं उभं आहे. चौकात मध्ये शाहू महाराजांचा पुतळा आणि आजूबाजूला मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ. 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि मग जातवार, धर्मवार वसतिगृहांची रांगच लागली, 1908 ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आजच्या पोरांना हे ऐकून धक्का बसतो, एवढा मोठा माणूस आणि जातीजातीची वेगळी वसतिगृहं? पण महाराजांनी आधी उलटं करून बघितलं होतं. 1896 च्या सुमाराला सगळ्या जातींसाठी एकच वसतिगृह काढलं होतं, आणि झालं काय तर तिथं हळूहळू ब्राह्मण मुलंच उरली. कारण सरळ आहे, जागा सगळ्यांची म्हणून जाहीर केली तरी तिथला भटारखाना, तिथले नियम, तिथली भाषा आधीपासून जो वर आहे त्याचीच असते, बाकीचे पाहुणे म्हणून येतात आणि पाहुणा किती दिवस राहणार. मग महाराजांनी ठरवलं की आधी प्रत्येकाला स्वतःचं छप्पर द्या, पाय टेकायला जागा द्या.

तरी महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहितीय. राजवाड्यातल्या पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला तिथल्या लोकांनी मारलं, महाराजांना कळल्यावर त्यांनी गंगारामला पैसे देऊन भर वस्तीत चहाचं दुकान काढून दिलं, सत्यसुधारक हॉटेल. आणि मग स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. छत्रपतींनी पिला म्हटल्यावर कोण नाही म्हणणार. एक छोटं दुकान, चार कपबश्या, आणि मालक गंगाराम. गल्ला त्याचा, कुलूप त्याचं. मला हे कुठल्याही स्मारकापेक्षा भारी डिझाइन वाटतं, कारण यात वर-खाली उलटलंय, आता उंबऱ्याशी थांबून ‘येऊ का’ विचारायची पाळी दुसऱ्यावर आलीय.

आणि त्याच कोल्हापुरातली दुसरी बाजू. भाऊराव पाटील नावाचा मुलगा जैन बोर्डिंगमध्ये राहायचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला, परत आल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून बोर्डिंगमधून काढून टाकला असं त्यांच्या चरित्रात सांगतात. म्हणजे ज्या वेगळ्या छपराने एका समाजाला आधार दिला त्याच छपराखाली सोवळं पण शिजत होतं. हाच मुलगा पुढे कर्मवीर झाला, 1919 ला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 ला साताऱ्यात सगळ्या जातीधर्मांच्या मुलांचं एकच बोर्डिंग सुरू केलं. एकत्र स्वयंपाक, एकत्र पंगत, मुलं स्वतः कामं करणार. त्याला नाव दिलं शाहू महाराजांचंच. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. 1896 ला जे एकत्र जमलं नाही ते 1924 ला जमलं, कारण मधल्या काळात मुलांना कुठंतरी ताठ बसायची सवय लागली होती, आणि पंगत वाढणारा माणूस भाऊराव होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की स्वतःची वेगळी जागा आणि सगळ्यांची एक जागा, ह्या दोन्ही लागतात, आणि दोन्हीचा कस एकाच गोष्टीवर लागतो. चावी कोणाकडे आहे. वेगळं राहायचं मी ठरवलं की ते घर होतं. मला वेगळं ठेवलं तर तो वाडा-पाडा झाला, मग तो ओढ्याखाली असो नाहीतर बाविसाव्या मजल्यावर.

दीक्षाभूमी बघा. 14 ऑक्टोबर 1956 ला तिथं लाखो लोक आले आणि एका दिवसात आपली ओळख बदलून घरी गेले. तेव्हा तिथं बिल्डिंग नव्हती, मैदान होतं. स्तूप नंतर झाला, काम 1978 ला सुरू झालं आणि उद्घाटन 2001 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती नारायणन यांच्या हस्ते. आर्किटेक्ट शिवदान मल. नमुना सांचीचा घेतला पण एक मोठा फरक केला आणि तो मला फार म्हणजे फार आवडतो. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालायची. नागपूरचा पोकळ आहे, हजारो लोक आत जाऊन बसतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या बाहेर उभं केलं त्यांनी स्वतःची वास्तू बांधताना आत जायची सोय केली. मल यांच्या डोक्यात नेमकं हेच होतं असा माझा दावा नाही, पण तिथं गेलेल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती आतच जाऊन बसते.

म्हणून 1 जुलै 2024 ला जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही. सुशोभीकरणाच्या प्रकल्पात स्तूपाजवळ अंडरग्राउंड पार्किंगसाठी खोदकाम चालू होतं, लोक भडकले, बांधकामाच्या सामानाची तोडफोड, जाळपोळ झाली, सरकारने स्थगिती दिली. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण टीव्हीवर ‘विकासाला विरोध’ वगैरे चाललं होतं ते चूक होतं. प्रश्न पार्किंगचा कमी आणि ‘आमच्या जागेत खड्डा खणायचा ते आम्हाला विचारलं का’ याचा जास्त होता. ही जागा लोकांच्या डोक्यात त्यांच्या मालकीची आहे. सातबारा कोणाच्याही नावावर असू दे.

हेच छोट्या प्रमाणात वस्तीतल्या विहारात दिसतं. आमदार फंडातलं समाजमंदिर बघा, वर ‘यांच्या सौजन्याने’ अशी पाटी, मूळ बिल्डिंगपेक्षा मोठी, पुढे लोखंडी शटर, आत सिमेंटच्या गोणी नि मंडपवाल्याच्या खुर्च्या. चावी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे आणि शिपाई तालुक्याला गेलेला. आणि त्याच गावात लोकांनी वर्गणी काढून, रविवारी स्वतः गवंड्याच्या हाताखाली काम करून बांधलेलं विहार बघा. स्लॅब गळत असेल, प्रपोर्शनचा पत्ता नाही, निळा रंग जरा डोळ्यात जातो, पण संध्याकाळी आत एमपीएससीची पोरं-पोरी अभ्यासाला बसलेली असतात, एका कोपऱ्यात बाबासाहेब नि बुद्ध, दुसऱ्या कोपऱ्यात करंट अफेअर्सचे गठ्ठे. आमच्यातले काही मित्र अशा विहारांना ‘किच’, म्हणजे भडक आणि बटबटीत, म्हणतात. म्हणू देत.

आता शहराकडे येतो, कारण तिथं लोक म्हणतात की शहरात जात राहिली नाही हो. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये सारस्वत सोसायटी झाली, आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथून मानतात. म्हणजे ज्या ‘सोसायटी’ची मेंबरशिप आज आपण सगळे मिरवतो तिचा पहिला नमुनाच एका ज्ञातीचा. त्यात सारस्वतांना दोष नाही, त्यांना मुंबईत परवडणारं घर हवं होतं आणि माणसं ओळखीची हवी होती, मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण 2005 ला सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये मेंबरशिप एका समाजापुरती ठेवता येते असं म्हटलं आणि हे सगळं कायद्याच्या चौकटीत बसलं. बाकीचं आपण ‘फक्त शाकाहारी’ या दोन शब्दांत भागवतो. 92-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून किती मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली ते बघा, आणि ती सगळीच हौसेने गेली का ते त्यांना विचारा.

चाळीबद्दल पण एक सांगतो, आणि यावर शिव्या पडणार मला माहितीय. ‘चाळीत सगळे कसे गुण्यागोविंदाने राहायचे’ हे अर्धं खरं आहे. बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, 207 चाळी, 1920 च्या दशकात इंग्रजांनी बांधल्या, 160 चौरस फुटांची खोली, मधून कॉरिडॉर, दोन्ही बाजूला दारं, कॉमन संडास. एवढं चिकटून राहिल्यावर माणसं एक व्हायला पाहिजेत ना? एका अर्थाने झालीही, गिरणी संपात एकमेकांच्या घरचं जेवली. पण कुठली चाळ बौद्धांची, कुठली मराठ्यांची, कुठली कोकणातल्यांची हे तिथल्या पोराला झोपेतही माहीत असायचं, आणि 1974 च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत ज्या दंगली झाल्या त्या याच चाळींमध्ये झाल्या. नुसतं जवळ ठेवल्याने माणसं जवळ येत नाहीत. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत कितीतरी वर्षं राहिले, तिथूनच सगळं राजकारण, वाचन केलं, आणि मग दादरला हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. हिंदू कॉलनीत! ते पत्ता निवडणं हेच एक विधान होतं असं मला कायम वाटतं.

आणि आता जे चाललंय त्यात ना स्वतःची जागा आहे ना सगळ्यांची. एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं, प्रोजेक्ट घ्या. एकच प्लॉट. पुढे सेल बिल्डिंग, म्हणजे बाजारात विकायच्या फ्लॅटची, पोडियम, लॉबीला डबल हाइट, ड्रॉप-ऑफ, पाम ट्री. मागे रिहॅब, म्हणजे झोपडीवाल्यांना द्यायची घरं, 300 चौरस फूट (आधी 269, त्याआधी 225), मधोमध अंधारा कॉरिडॉर, आणि दोन्हींच्या मध्ये कंपाउंड वॉल, त्यावर हिरवी वेल म्हणजे सेलवाल्यांना भिंत दिसू नये. रिहॅबचं गेट मागच्या गल्लीत. ब्रोशरमध्ये रिहॅब बिल्डिंग नसतेच, तिथं झाडं काढलेली असतात. ज्या लोकांच्या झोपड्यांमुळे बिल्डरला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जादा बांधायची परवानगी, मिळाली त्यांना ड्रॉइंगमधून गायब करायचं काम आम्हीच करतो, आर्किटेक्टच. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलं, दोन बिल्डिंगमध्ये जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही, आणि 2018 मध्ये आलेल्या अभ्यासात या अशा रचनेचा टीबीशी संबंध दाखवला गेला. पूर्वी पाण्याच्या उताराखाली वस्ती असायची, आता उन्हाच्या.

मध्यमवर्गाने लगेच हसू नये. पुण्यातल्या एका रिडेव्हलपमेंटच्या मिटिंगमध्ये कमिटीच्या एका काकांनी मला बाजूला घेतलं, ‘सर, ती दुसरी लिफ्ट जरा मागच्या बाजूला घ्या ना, म्हणजे मावशी, डिलिव्हरीवाले, कचरावाले तिकडून जातील, उगाच गर्दी नको.’ काका सज्जन, घरी कामाला येणाऱ्या मावशीच्या मुलीची फी भरतात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं काका, शाफ्टचा खर्च वाढेल, पार्किंगची एक जागा जाईल. पार्किंग म्हटल्यावर विषय संपला. दोन्ही लिफ्ट एकाच लॉबीत, शेजारीशेजारी, एकाच मापाच्या काढल्या आणि मी मनातल्या मनात खूश. पझेशननंतर गेलो तर दोन नंबरच्या लिफ्टवर लॅमिनेट केलेला ए-फोर कागद, ‘घरकाम मदतनीस, डिलिव्हरी व पाळीव प्राणी यांनी हीच लिफ्ट वापरावी. आदेशावरून.’ मावशी आणि कुत्रा एका ओळीत. बरं कुत्रा मालकाबरोबर बिनधास्त एक नंबरने जातो, कागद फक्त मावशी वाचतात.

कोणी म्हणेल की झालं ना, तुझ्या डिझाइनने काय फरक पडला? पडला. मागच्या अंगाला लिफ्ट असती तर कागदाची गरजच पडली नसती, भिंतीने काम केलं असतं आणि पुढची पन्नास वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आता निदान कोणालातरी तो कागद टाइप करावा लागला, सही करावी लागली, आणि एखाद्या दिवशी एखादी कॉलेजची पोरगी तो टराटरा फाडू शकते. आर्किटेक्चरकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो. अन्याय प्लॅनमध्ये मुरू देऊ नका, तो कागदावर येऊ द्या, म्हणजे फाडता येतो.

बाकी नियमाने करण्यासारखं बरंच आहे. रिहॅब आणि सेल एकाच प्लॉटवर असेल तर मेन गेट एकच असलं पाहिजे अशी सक्तीची अट घाला. बाग, क्लबहाउस, अभ्यासिका दोघांनी वापरायची, कमिटी एकच. बिल्डर म्हणतील सेलचा रेट पडेल. पडू द्या थोडा, ती त्या एफएसआयची खरी किंमत आहे. मेंटेनन्स परवडणार नाही हा मुद्दा मात्र खरा आहे, त्यासाठी कॉर्पस फंड, म्हणजे देखभालीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, नीट मोठा ठेवायला लागेल, नाहीतर पाच वर्षांत रिहॅबवाले घर विकून परत झोपडीत जातात आणि आपण म्हणतो ‘त्यांना सवयच नाही’.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळी बीडीडीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मनापासून आनंद झाला, शंभर वर्षं त्या 160 फुटांत काढली लोकांनी. आता तिथंच विक्रीचे टॉवरही येणार. मी वाट बघतोय ती त्यांच्या लेआउटची. जांबोरी मैदानाकडे, जिथं बीडीडीवाल्यांच्या पिढ्या खेळल्या, दहीहंड्या झाल्या, सभा झाल्या, त्या बाजूला विक्रीच्या टॉवरचं गेट उघडणार, की पाठ करून दुसऱ्या रस्त्याला? मधे भिंत येणार का, आली तर किती फुटांची? चौदा एप्रिलची मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार? कागदावर आहे तोपर्यंत हे सगळं खोडरबरने बदलता येतं, स्लॅब पडल्यावर नाही. म्हाडात कोणाची ओळख असेल तर आत्ताच विचारून घ्या, आणि प्लॅन हाती लागला तर मला पण पाठवा.